मुंबईच्या संगणकात कोलकात्याचे घड्याळ

१/ तळवली हे नवी मुंबईतील घणसोली-रबाळे परिसरातले जुने गावठाण. तेथील एखाद्या घरात नवा संगणक सुरू केला, की काही मिनिटांतच तो एक प्रश्न विचारतो: टाइम झोन कोणता? विंडोज असेल तर यादीत एक ओळ सापडते: 'यूटीसी+०५:३०, चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली'. लिनक्स असेल तर बहुधा आधी खंड निवडावा लागतो आणि मग शहर. आशियाच्या त्या यादीत मकाऊ आहे, मनिला आहे, मस्कत आहे, मुंबई नाही. ठाण्याच्या खाडीकाठी राहणाऱ्या माणसाला आपले घड्याळ लावण्यासाठी 'आशिया/कोलकाता' निवडावे लागते.

२/ बहुतेक जण निवडतात आणि पुढे जातात. दोन्ही शहरांची वेळ एकच असल्याने काही बिघडत नाही. तथापि ज्या मुंबईचे नाव या यादीत नाही, त्या मुंबईने आपली स्वतःची वेळ सोडायला जवळजवळ अर्धे शतक नकार दिला होता. त्या नकारासाठी गिरणी कामगार रस्त्यावर आले, महापालिकेत ठराव झाले आणि एकाच शहरात दोन घड्याळे नांदली. संगणकातील ती छोटी यादी समजून घ्यायची, तर आधी हा वाद समजून घ्यावा लागतो.

३/ सुरुवात सूर्यापासून. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. म्हणून प्रत्येक गावाचा मध्यान्ह वेगळा. ही गोष्ट भारतीय ज्योतिषाला नवी नव्हती. प्राचीन ग्रंथकारांनी लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांना जोडणारी मध्यरेषा मानली होती आणि त्या रेषेच्या पूर्वेला वा पश्चिमेला असलेल्या गावासाठी गणितात जो फरक करायचा, त्याला 'देशांतर संस्कार' असे नाव होते. आज संगणक ज्याला 'ऑफसेट' म्हणतो, त्याचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही. उज्जैनहून मुंबई सुमारे तीन अंश पश्चिमेला आहे. घटिकांच्या हिशेबात हे अंतर जवळजवळ अर्धी घटिका, म्हणजे बारा मिनिटे.

४/ गावकऱ्याला मात्र एवढ्या गणिताची गरजच नव्हती. तळवलीसारख्या आगरी-कोळी गावांत दिवस दोन घड्याळांवर चाले. शेताचे घड्याळ सूर्याचे, खाडीचे घड्याळ चंद्राचे. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग. होडी केव्हा काढायची हे तिथीवरून कळे. या जीवनात दुसऱ्या गावाची वेळ जाणून घेण्याचे कारण फारसे उद्भवत नसे.

५/ ते कारण आधी जहाजांनी निर्माण केले आणि मग आगगाडीने. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली, ती मुख्यतः नौकानयन आणि कालमापनाच्या सोयीसाठी. समुद्रात रेखांश काढायचा तर जहाजावरचे घड्याळ बंदरातल्या अचूक वेळेशी जुळलेले असावे लागे. कुलाब्याचा रेखांश सुमारे ७२ अंश ४९ मिनिटे. त्यावरून मुंबईची स्थानिक वेळ निघते ती ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे १६ सेकंद. हीच पुढे 'मुंबई टाइम' म्हणून प्रसिद्धीस आली. खाडीपलीकडची तळवली किंचित पूर्वेला असल्यामुळे तिचा सूर्य कुलाब्याच्या सूर्यापेक्षा सुमारे पाऊण मिनिट पुढे, एवढाच काय तो भेद.

६/ १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी सुटली तेव्हा वेळ मोजली गेली ती मुंबईचीच. ३४ किलोमीटरच्या मार्गावर वेळेचा प्रश्न येण्याचे कारण नव्हते. पण रूळ घाट चढून पुढे गेले, पूर्वेकडून कलकत्त्याचे आणि दक्षिणेतून मद्रासचे रूळ त्यांना भेटू लागले, तेव्हा एकाच गाडीच्या वेळापत्रकात किती गावांच्या वेळा लिहायच्या असा पेच पडला. १८७० मध्ये रेल्वेने सर्व देशासाठी मद्रासची वेळ धरली. मद्रासला १७९२ पासून वेधशाळा होती, तेथून तारेने वेळेचा संदेश देता येई आणि रेखांशाच्या दृष्टीने ते शहर मुंबई आणि कलकत्ता यांच्या जवळजवळ मध्यावर होते. मुंबईहून अर्धा तास पुढे, कलकत्त्याहून सुमारे बत्तीस मिनिटे मागे. तडजोड म्हणून ही निवड वाईट नव्हती.

७/ मात्र मुंबईकराला त्या दिवसापासून दोन वेळा सांभाळणे आले. घरचे, बाजाराचे, गिरणीच्या भोंग्याचे घड्याळ मुंबईचे, स्टेशनवरचे मद्रासचे. घरच्या घड्याळावर विसंबून जो निघे, त्याची गाडी अर्धा तास आधीच गेलेली असे.

८/ रेल्वेपुरता हा भेद लोकांनी सोसला. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबई इलाख्यातील सरकारी कचेऱ्यांनीही मद्रासची वेळ पाळावी असा हुकूम काढला आणि तेव्हा वादाला तोंड फुटले. व्यापारी मंडळींनी विरोध केला, वृत्तपत्रांतून पत्रे झडली. विद्यापीठाचा राजाबाई मनोरा तेव्हा नुकताच, १८७८ मध्ये, पुरा झाला होता. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या त्या मनोऱ्यावरच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवावी, हाही वादाचा विषय झाला. मनोऱ्यावरचे घड्याळ म्हणजे खिशात घड्याळ नसणाऱ्या शहराची वेळ. ते कोणाच्या हुकमाने चालावे या प्रश्नाला साहजिकच राजकीय धार होती. दोन वर्षांत, १८८३ मध्ये, सरकारला माघार घ्यावी लागली.

९/ वसाहतीच्या काळात सरकारी हुकूम असा परत घेतला जाणे विरळच. त्यामुळे मुंबईच्या प्रतिष्ठित वर्गाला वाटू लागले की वेळेचा प्रश्न मिटला. तो मिटला नव्हता. जगभर वेळेची पुनर्रचना चालू होती. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रिनिचची रेषा मूळ मध्यान्हरेषा म्हणून मान्य झाली, आणि ग्रिनिचपासून पूर्ण तासांच्या किंवा अर्ध्या तासाच्या अंतराने देशोदेशींची घड्याळे लावली जाऊ लागली. मद्रासचे ५ तास २१ मिनिटे आणि वर काही सेकंद हे अंतर या नव्या चौकटीत बसेना. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांश निवडला गेला. ही रेषा मिर्झापूरजवळून जाते आणि तेथील वेळ ग्रिनिचपेक्षा नेमकी साडेपाच तास पुढे.

१०/ १ जानेवारी १९०६ पासून मुंबईत ही 'स्टँडर्ड टाइम' लागू करायची ठरली. मुंबईच्या सूर्याच्या मानाने ती ३८ मिनिटे ४४ सेकंद पुढे. बोलताना सगळे एकोणचाळीस मिनिटे म्हणत. घटिकांच्या भाषेत दीड घटिकेहून थोडे अधिक. म्हणजे शहर रात्री झोपले आणि सकाळी उठले तेव्हा प्रत्येकाच्या दिवसातून इतकी मिनिटे आधीच सरलेली.

११/ याचा खरा भार कोणावर पडला, हे पाहण्यासारखे आहे. सॉलिसिटराच्या कचेरीत अकराच्या ऐवजी सूर्याच्या सव्वादहाला पोहोचणे ही थोडी गैरसोय. गिरणीत पहाटे हजर व्हायचे असेल तर एकोणचाळीस मिनिटे म्हणजे तेवढी झोप गेली आणि जानेवारीच्या काळोखात तेवढे अधिक चालणे आले. रत्नागिरीहून, घाटावरून आलेले हे कामगार चाळीच्या एकेका खोलीत दाटीने राहत आणि भोंग्यावर उठत. त्याच सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले होते, त्यामुळे दिवस मावळला तरी साचे थांबत नसत आणि कामाचे तास लांबले होते. सूर्य ही कामगाराची शेवटची हद्द होती; आधी दिव्याने संध्याकाळची हद्द पुसली आणि आता घड्याळाने पहाटेची.

१२/ जानेवारी १९०६ मध्ये मुंबईच्या बाहेरच्या भागात काही हजार गिरणी कामगारांनी साच्यांवर काम करायला नकार दिला आणि गिरण्यांवर दगडफेक केली. विरोध शहरात पसरला. पंधरा हजारांहून अधिक लोकांनी अर्जांवर सह्या केल्या. या प्रसंगाकडे 'अडाणी लोकांचा नव्या घड्याळाला विरोध' अशा नजरेने पाहण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा. कामगारांना घड्याळ उत्तम कळत होते. त्यांच्या कामाच्या तासांचे माप ज्या वस्तूत होते, ती वस्तू त्यांना न विचारता हलवली गेली होती.

१३/ काळही तसाच होता. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगालची फाळणी अमलात आली होती. स्वदेशी आणि बहिष्काराचे वारे वाहत होते. कर्झनशाहीने देशाचा नकाशा बदलला आणि आता घड्याळही, असे लोकांना वाटले तर त्यात नवल नाही. कलकत्त्यानेही स्टँडर्ड टाइम नाकारली आणि स्वतःची वेळ १९४८ पर्यंत चालवली.

१४/ मुंबईत हा प्रश्न महापालिकेच्या सभागृहात गेला. तेथे सर फिरोजशहा मेहता यांचा शब्द वजनदार होता. लोकांना विचारल्याशिवाय त्यांच्या रोजच्या जीवनाची वेळ बदलू नये, ही भूमिका सभागृहाला पटली आणि पालिकेने आपली घड्याळे मुंबई टाइमवरच ठेवली. रेल्वे, टपाल, तारखाते, सरकारी कचेऱ्या एकीकडे. पालिका, तिच्या मंडया आणि तिच्या ताब्यातले मनोरे दुसरीकडे. लोकांनी याला 'घड्याळांची लढाई' असे नाव दिले, ते अगदीच अतिशयोक्त नव्हते.

१५/ या द्वैतात शहर कसे जगले? बरेचसे सवयीने. वेळ सांगताना कोणती, हे सांगायची रीत पडली. जुन्या लग्नपत्रिकांत मुहूर्ताच्या वेळेपुढे 'स्टँ. टा.' अशी अक्षरे दिसतात. आज ती वाचणाऱ्याला छापखान्याची चूक वाटते. ती चूक नव्हे, तो खुलासा आहे. वऱ्हाडी गाडीने येणार, गाडी स्टँडर्ड टाइमने येणार, तेव्हा मुहूर्त कोणत्या घड्याळाचा हे छापणे भाग होते.

१६/ इतिहास वाचणाऱ्याला मात्र हीच गोष्ट अडचणीत टाकते. लोकमान्य टिळकांचे निधन मुंबईतील सरदारगृहात १ ऑगस्ट १९२० रोजी, मध्यरात्र उलटून तास होण्याच्या आत झाले. मध्यरात्रीच्या इतक्या जवळच्या कोणत्याही नोंदीत एकोणचाळीस मिनिटांना तारखेचे मोल असते. एका घड्याळात ऑगस्टचा पहिला दिवस उजाडलेला असेल आणि दुसऱ्यात जुलैचा शेवटचा अजून संपलेला नसेल. १९०६ ते स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांपर्यंतच्या मुंबईची नुसती 'इतके वाजून इतकी मिनिटे' ही नोंद अपुरी असते; ती कोणत्या घड्याळाची, हे विचारावेच लागते. पत्रिका मांडणाऱ्या ज्योतिषांना हे ठाऊक असते. जुन्या मुंबईतील जन्मवेळ हाती आली की जाणता ज्योतिषी आधी 'मुंबई की स्टँडर्ड' असे विचारतो.

१७/ दुसऱ्या महायुद्धाने यात आणखी एक पदर घातला. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताची घड्याळे आणखी एक तास पुढे, म्हणजे ग्रिनिचपेक्षा साडेसहा तास पुढे होती. मुंबईच्या सूर्याच्या मानाने ही युद्धकालीन वेळ एक तास एकोणचाळीस मिनिटे पुढे पडते. त्या तीन वर्षांतल्या जन्मवेळाही म्हणूनच दोनदा तपासाव्या लागतात.

१८/ शेवटी मुंबई टाइम कोणा हुकमाने मेली नाही. स्वातंत्र्यानंतर तिच्यामागचा परकी सत्तेचा विरोध उरला नाही, रेडिओ घराघरांत स्टँडर्ड टाइम सांगू लागला, आणि १९५० नंतरच्या काही वर्षांत पालिकेची घड्याळेही देशाच्या वेळेवर आली. पारशी अग्याऱ्यांतून प्रार्थनेच्या वेळांसाठी मुंबई टाइमचे घड्याळ त्यानंतरही जपले गेले. तेथे सूर्याला महत्त्व आहे, वेळापत्रकाला नाही.

१९/ आता संगणकाकडे. संगणकाच्या आत, बहुतेक प्रणालींत, ना मुंबई असते ना कोलकाता. तेथे एक मोठा आकडा असतो: १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून किती सेकंद लोटले. तो आकडा तळवलीत, टोकियोत आणि टोरांटोत एकाच क्षणी एकच. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारी वेळ ही त्या आकड्यावर केलेला देशांतर संस्कार. टाइम झोन निवडणे म्हणजे कोणता संस्कार करायचा हे यंत्राला सांगणे. खरी वेळ त्याने बदलत नाही, तिचे दर्शन बदलते.

२०/ हा भेद लक्षात न घेतल्याची शिक्षा अनेक विद्यार्थ्यांनी भोगलेली असते. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही बसवले, की घड्याळ मध्येच साडेपाच तास सरकते. कारण असे, की यंत्राच्या पाटीवरील बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहून ठेवते, तर लिनक्स त्याच घड्याळात ग्रिनिचची वेळ आहे असे धरून चालते. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघांचा मेळ नाही. १९०६ ची मुंबई एका लॅपटॉपमध्ये मावते ती अशी.

२१/ मग संस्काराचे कोष्टक कोठून येते? लिनक्स, मॅकओएस, अँड्रॉइड, आयफोन, बहुतेक संकेतस्थळांचे सर्व्हर, या सगळ्यांत एकच संग्रह वापरला जातो. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करणाऱ्या आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो १९८० च्या दशकात सुरू केला. पुढे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॉल एगर्ट यांनी तो सांभाळला. जगातील कोणत्याही सरकारने घड्याळ पुढेमागे केले, की काही स्वयंसेवक ते या साध्या मजकुराच्या फाइलींत नोंदवतात. अब्जावधी यंत्रांचा काळ अशा काही हजार ओळींवर चालतो.

२२/ मुंबईचे नाव नसण्याचे उत्तर या संग्रहाच्या नियमांत आहे. पहिला नियम: १९७० पासून ज्या ज्या ठिकाणांची घड्याळे कायम एकसारखी चालली, त्या सर्वांसाठी एकच नोंद पुरेशी. दुसरा: त्या नोंदीला देशाचे नाव न देता सर्वांत मोठ्या लोकवस्तीच्या शहराचे नाव द्यावे, कारण देशांची नावे आणि सीमा शहरांपेक्षा लवकर बदलतात. १९७० पासून भारताची वेळ एकच, म्हणून नोंद एकच. शहर कोणते? १९८१ च्या जनगणनेत कलकत्ता महानगराची वस्ती सुमारे ९२ लाख आणि बृहन्मुंबईची सुमारे ८२ लाख. कलकत्ता पुढे होते.

२३/ गंमत अशी, की १९९१ च्या जनगणनेत हा क्रम उलटला होता: मुंबई सुमारे १ कोटी २६ लाख, कलकत्ता १ कोटी १० लाख. तरी नाव बदलले नाही. संग्रहाच्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटले आहे की मिलानची वस्ती रोमपेक्षा थोडी वाढली म्हणून 'युरोप/रोम' बदलू नये. रूढ नाव हलवले तर जगभरच्या प्रणाली अडखळतात. शहराने स्वतःचे नाव बदलले तेव्हा मात्र दखल घेतली गेली: शहर २००१ मध्ये कोलकाता झाले आणि संग्रहातले 'आशिया/कलकत्ता' २००८ मध्ये 'आशिया/कोलकाता'. जुने नाव पर्यायी म्हणून राहिले, आणि काही ब्राउझर पुढे कित्येक वर्षे प्रोग्रामने विचारल्यावर 'कलकत्ता' असेच उत्तर देत राहिले.

२४/ विंडोजचा मार्ग वेगळा. तेथे एका ओळीत अनेक शहरे असतात. विंडोज ९५ च्या काळात ती ओळ होती 'बॉम्बे, कलकत्ता, मद्रास, न्यू दिल्ली'. शहरांची नावे बदलली तशी ओळही बदलली. वर्णक्रम पाळायचा म्हणून चेन्नई पहिली आली. ज्या तीन शहरांच्या वेळांनी एकोणिसाव्या शतकात एकमेकांशी झगडा केला, ती तिन्ही या एका ओळीत स्वल्पविरामांनी शेजारी बसली आहेत. त्या काळी टाइम झोन निवडण्याच्या खिडकीत जगाचा नकाशाही असे. नकाशा आला की सीमा आल्या. विंडोज ९५ मधील भारताच्या नकाशात काश्मीरचे आठ ठिपके वेगळ्या हिरव्या छटेत रंगवले गेले आणि त्यावरून भारतात त्या आवृत्तीवर बंदी आली, असे कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने २००४ मध्ये सांगितले. घड्याळ लावणे हे काम दिसते तितके निरुपद्रवी कधीच नव्हते.

२५/ आता मूळ संग्रहातील भारताची नोंद वाचावी. ती १९७० च्या मागेही जाते, कारण नोंद ज्या शहराच्या नावावर, त्याचा जुना इतिहासही लिहिला जातो. १८५४ पर्यंत कलकत्त्याची स्थानिक वेळ, ५ तास ५३ मिनिटे २८ सेकंद. मग १८७० पर्यंत हावड्याची वेळ. १८७० पासून मद्रासची. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तास. पुढे युद्धकाळातील साडेसहा, आणि पुन्हा साडेपाच. सरकार आणि रेल्वे यांचे घड्याळ येथे नीट आहे. नागरिकांचे नाही, कलकत्त्याने १९४८ पर्यंत पाळलेली कलकत्ता टाइमही या आकड्यांत सापडत नाही.

२६/ परिणाम काय होतो, ते पहिल्या आगगाडीवरूनच पाहता येते. १६ एप्रिल १८५३ ची दुपार, वेळ साडेतीनच्या सुमाराची. ही तारीख आणि वेळ 'आशिया/कोलकाता' निवडलेल्या संगणकाला देऊन ग्रिनिचची वेळ विचारली, तर तो कलकत्त्याचा सूर्य धरून सकाळचे ९ वाजून ३६ मिनिटे सांगेल. बोरीबंदरच्या सूर्याने पाहता ग्रिनिचला तेव्हा १० वाजून ३८ मिनिटे झाली होती. एक तास दोन मिनिटांची चूक. १९०० सालच्या मुंबईसाठी यंत्र मद्रासची वेळ धरते आणि अर्धा तास चुकते. १९३० सालच्या पालिकेच्या दप्तरातील नोंद द्या, एकोणचाळीस मिनिटे चुकेल. आणि यंत्र हे सगळे सेकंदापर्यंतच्या अचूकतेने सांगते. संशयाचा एकही शब्द त्यात नसतो. जुन्या कागदपत्रांच्या डिजिटल सूची करणाऱ्यांनी, हवामानाच्या जुन्या नोंदी जुळवणाऱ्यांनी येथे सावध राहणे आवश्यक ठरते.

२७/ दोष संग्रह सांभाळणाऱ्यांना देणे योग्य होणार नाही. १९७० च्या आधीचा इतिहास अपुरा आहे हे ते स्वतःच स्पष्ट लिहितात. जगातील प्रत्येक गावाची प्रत्येक जुनी वेळ नोंदवायची, तर त्या कामाला अंत नाही. त्यांचे काम आजच्या घड्याळांचे आहे, आणि ते त्यांनी चोख केले आहे.

२८/ आजची घड्याळे तळवलीच्या आसपास पुष्कळ आहेत. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहिली आहेत. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतातील डेटा सेंटर आणि सेवादात्यांनी आपल्या प्रणालींची घड्याळे राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या किंवा दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत. प्रयोगशाळेची वेळ अणुघड्याळांवर चालते. त्याच पट्ट्यातील कार्यालयांत रात्रपाळीचे लोक पडद्यावर न्यूयॉर्क किंवा लंडनचे दुसरे घड्याळ लावून बसतात, कारण तिकडे मार्चमध्ये घड्याळे तासभर पुढे सरकली की इकडची पाळी बदलते. 'आयएसटी' ही तीन अक्षरे भारताप्रमाणेच इस्राएल आणि आयर्लंडही आपल्या वेळेसाठी वापरतात, त्यामुळे परदेशी सहकाऱ्याला वेळ कळवताना 'यूटीसी+०५:३०' असे लिहिणे अधिक सुरक्षित. जुन्या लग्नपत्रिकेतील 'स्टँ. टा.' पुन्हा आले म्हणायचे.

२९/ राहता राहिली मुंबई. संग्रहाची आशिया खंडाची फाइल साध्या मजकुराची आहे, कोणालाही उघडून वाचता येते. तीत दोन प्रकारच्या ओळी असतात. आकड्यांच्या ओळी यंत्रासाठी. आणि ज्यांच्या आरंभी एक विशिष्ट चिन्ह, दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांची जाळी, असते त्या टिपा माणसांसाठी. ते चिन्ह दिसले की यंत्र उरलेली ओळ सोडून पुढे जाते. भारताच्या आकड्यांच्या वर अशाच एका टिपेत डिसेंबर २०१५ च्या एका अमेरिकी मासिकातील लेखाचा उतारा दिला आहे. जानेवारी १९०६, मुंबईच्या बाहेरचा भाग, काही हजार गिरणी कामगार, साचे बंद, दगडफेक, स्थानिक वेळ रद्द करण्याला विरोध, हे सारे त्या ओळींत लिहिलेले आहे. प्रत्येक ओळीच्या आरंभी ते जाळीचे चिन्ह आहे. त्यांच्या खाली आकडे सुरू होतात, आणि पहिले नाव येते कोलकात्याचे.